सहाव्या डोंगराची हाळी

“मग अंगारा लावलातच का?”

सोमगीर बाबा झोपडीचा कूड बांधत होते. कारवीच्या वाळक्या काठ्या एकीला एक लावायच्या आणि वाखाच्या दोरीनं आवळायच्या. त्यांनी गाठ मारली, दातांनी ओढली. दात तीनच होते, पण कामाचे होते.

“कुणाला?”

“आमच्या आप्पांना. एकवीस वर्षं झाली. सहावा डोंगर न चढता ते आडवाटेनं इथं आले आणि ‘सात झाले’ म्हणाले. तुम्ही कपाळाला अंगारा लावलात. तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं?”

“होतं की.”

 शेवटचा चढ सुदर्शन जवळजवळ पळत आला होता. छाती अजून भात्यासारखी हलत होती. भांडायला लागेल तेवढा दम त्यानं राखून आणला होता, आणि समोरच्यानं पहिल्याच फटक्याला कबूल करून टाकलं.

वडदऱ्याभोवती सात डोंगर आहेत. दिवस उगवला की निघायचं. एकेक माथा गाठायचा, माथ्यावर उभं राहून आपलं नाव घेऊन हाळी द्यायची, आणि दिवस बुडायच्या आत सातव्या डोंगरावर भैरोबापाशी यायचं. तिथला गोसावी अंगारा लावतो. झाली फेरी. बक्षीस नाही की कागद नाही. तरी गावात एखादं भांडण निघालं की अजून विचारतात, ‘तू फेरी केलीस का? मग बस खाली.’

सहावा डोंगर ढवळ्या. त्याच्या आणि सातव्याच्या मधे एक दरी फक्त. ढवळ्यावरची हाळी इथं घरात बोलल्यासारखी ऐकू येते.

“नाव आलं नाही त्या दिवशी,” बाबा म्हणाले. “मी इथंच बसलो होतो. वाट बघितली. नाव काही आलं नाही, तुझा बाप बबन्याच आला.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“कपाळ पुढं केलं त्यानं. लावला.”

“म्हणजे ते खोटे, आणि तुम्हीही खोटेच.”

“व्हय.”

आणि बाबांनी पुढची काठी घेतली.

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? गावातली म्हातारी माणसं निदान डोळे तरी वटारतात. आमचे केस उन्हात पांढरे झाले नाहीत, म्हणतात. यांना तेवढीही लाज नव्हती.

सुदर्शनचं दुखणं जुनं होतं. सहा वर्षांचा असताना आप्पांनी त्याला फेरीला नेलं, आणि पुढची वीस वर्षं तीच एक गोष्ट सांगितली. न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला. ‘आमच्या सुदानं सहाव्या वर्षी सात डोंगर केले. पायानं!’ बबन म्हणजे थापाड्या, हे साऱ्या गावाला माहीत. पण ही एवढी गोष्ट सगळ्यांनी खरी धरली. सुदर्शननं तर तीच अंगावर घालून आयुष्य काढलं. शाळेत मार खाल्ला, गणितात आपटला, पुण्यात नोकरी लागून सुटली, तरी आत कुठंतरी ते होतंच. मी सहाव्या वर्षी सात डोंगर चाललेला माणूस आहे.

आणि गेल्या वैशाखात, चुलतबहिणीच्या हळदीला, पोट भरल्यावर आप्पा हसत हसत म्हणाले, “सहावा आम्ही चुकवला होता रे. ढवळ्याला बगल दिली!”

सगळे हसले. सुदर्शनच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

मग त्यानं ठरवलं. फेरी पुन्हा करायची, सगळ्यांना घेऊन. आप्पा, आई, लहानपणापासूनचा दोस्त इरफान आणि आतेभाऊ जितू. पाच पिवळे टीशर्ट छापून घेतले. ‘सात डोंगर, एक दिवस.’ आप्पांच्या पोटावर ‘दिवस’ इतका ताणला होता की वाचता येईना. इरफान म्हणाला, “आप्पा, तुमचा दिवस फार मोठा आहे.” सकाळी सगळे हसत निघाले होते.

पहिल्या डोंगरावर आप्पा गात होते. दुसऱ्यावर थापा मारत होते. तिसऱ्यावर बसले, चौथ्यावर आडवे झाले. पाचव्याच्या उतारावर त्यांचा गुडघा गेला. ढवळ्याच्या पायथ्याला उंबराखाली त्यांनी बूट काढले आणि म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं. मी आपला आडवाटेनं येतो.”

आडवाटेनं!

“थापा मारायला गुडघे लागत नाहीत ना, आप्पा?” सुदर्शन आईसमोर बोलला. मित्रांसमोर बोलला. चौघांना तिथंच सोडून एकटा ढवळ्या चढला, स्वतःच्या नावाची हाळी दिली आणि इथं आला.

“ऐकलं मी नाव,” बाबा म्हणाले. “खणखणीत होतं. एकट्याचं होतं.”

“नियमात एकट्याचं चालतं.”

“चालतं.”

“मग लावा अंगारा. आणि चावडीवर सांगा की तेव्हाची फेरी खोटी होती.”

बाबांनी पश्चिमेला पाहिलं. दिवस अजून दोन कासरे वर होता.

“लावतो. पळून कुठं चाललाय अंगारा? तर दोघांचीही खोटी म्हणायची. त्याची अन् तुझी.”

“माझी कशी? मी पाच चाललो होतो. सहावाही चाललो असतो. त्यांनी बुडवली माझी.”

“पाच चाललास.”

“हो.”

“आठवतंय?”

“आठवतंय? सगळं!”

आणि सुदर्शन सांगायला लागला. सांगता सांगता त्याचा आवाज कधी खाली आला, त्याचं त्याला कळलं नाही. आईनं धडप्यात बांधून दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी. दुसऱ्या डोंगरावर टाक्यातलं गार पाणी, आत बेडूक. आप्पा बेडकाला म्हणाले होते, ‘सरका पाहुणे.’ तिसऱ्या डोंगरावर ते घसरले आणि देवालाच शिवी घातली, मग कान पकडले. तेव्हा आप्पांचे केस काळे होते. तेव्हा ते खोटं बोलतात हे माहीत नव्हतं.

“आणि पाचव्याचं पठार, बाबा... त्या वर्षी कारवी फुलली होती. सात वर्षांनी फुलते ती. अख्खं पठार जांभळं, पार कड्यापर्यंत. वारा सुटला की जांभळी लाट सरकत जायची. मधमाश्यांचा नुसता घुमारा. आप्पा गात होते, बेसूरच. आणि मी फुलांच्या शेंड्यांवरून हात फिरवत होतो... असा.”

त्यानं तळहात कमरेपाशी हवेत फिरवला. कुरवाळल्यासारखा.

बाबा ऐकत होते. हातातली दोरी थांबली होती.

“आज त्या पठारावर काहीच दिसलं नाही,” सुदर्शन म्हणाला. “यंदाही फुलून गेली म्हणतात. वाळलीय आता. दोन्हीकडून नुसती भिंत. काटक्या तोंडावर येत होत्या. कडासुद्धा दिसेना. तेव्हासारखं काही राहिलंच नाही.”

बाबा उठले. ढिगातून कारवीची एक काठी उपसली. बुडापासून शेंड्यापर्यंत अख्खी, वाळलेल्या बोंडांसकट. ती सुदर्शनच्या शेजारी जमिनीवर उभी धरली.

शेंडा त्याच्या डोक्यावर वीतभर गेला.

मग दुसऱ्या हाताचा पंजा त्यांनी आडवा केला आणि सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा धरला. तो सुदर्शनच्या कमरेशी आला.

 एक हात वर, एक हात खाली, बाबा तसेच उभे राहिले.

सुदर्शननं शेंड्याकडं पाहिलं. पंजाकडं पाहिलं. पुन्हा शेंड्याकडं...

पठार तेच होतं. तीच जांभळी लाट, तोच वारा. पण आता त्यात खोबरेल तेलाचा वास आला. मुठीत केस आले, घामानं चिकटलेले. टाचा कुणाच्या तरी छातीवर आपटत होत्या, आणि घोट्यांभोवती दोन खरखरीत पंजे घट्ट होते. गाणं पायांतून वर येत होतं. त्या साऱ्या आठवणीत त्याच्या पायाखाली एकही दगड नव्हता.

“...पाचही?” त्यानं विचारलं.

“ते त्याला विचार. इथं आला तेव्हा तू झोपला होतास. अंगारा तुला झोपेतच लावला.”

“मग जन्मभर ‘पायानं, पायानं’ का सांगत राहिले?”

“थापाड्या आहे तो,” बाबा म्हणाले. “मी काय नवं सांगू?”

त्यांनी काठी परत ढिगात टाकली.

दरीपलीकडं, ढवळ्याच्या पायथ्याशी, उंबराखाली चार पिवळे ठिपके दिसत होते. तीन जवळजवळ होते. चौथा जरा बाजूला, दगडावर बसलेला. सकाळपासून बडबडणारा तो ठिपका आता अजिबात हलत नव्हता.



“मी फार वाईट बोललो, बाबा.”

“इथवर ऐकू आलं.”

“त्यांना चालवत नाही.”

“हं.”

बाबा जवळ आले. त्यांनी सुदर्शनच्या खांद्यावरचा सॅकचा एक पट्टा उतरवला, मग दुसरा. सॅक आत नेऊन खुंटीला अडकवली. बाहेर आले तेव्हा सुदर्शन उतरणीच्या तोंडाशी उभा होता. एक पाय खाली, एक वर. पश्चिमेकडं बघत.

“पण खाली जायचं, त्यांना पाठीवर घेऊन ढवळ्या चढायचा आणि परत इथं यायचं... तोवर दिवस बुडेल, बाबा. फेरी मोडेल.”

बाबा पुन्हा कुडापाशी बसले. काठी निवडली, दोरी सोडवली.

“बुडू दे दिवसाला. त्याचं कुणी मागं राहिलेलं नाही.”