उंबराने सोडलेली सावली

फार पूर्वी, नद्यांना अजून नावं मिळाली नव्हती तेव्हा, एका वाळूच्या काठावर एक उंबर उभा होता. आपल्या गर्द सावलीचा त्याला अभिमान होता, आणि तो रास्तही होता.

चैत्रातल्या एका ढगाळ संध्याकाळी एका कासवीने त्याच्याजवळच्या वाळूत अंडी पुरली. पंधरा दिवसांनी ती परत आली. वाळूला पोट टेकताच ती दचकली.

"उंबरदादा, इथली वाळू गार आहे! ऊब असली की अंड्यातलं पिल्लू भराभर वाढतं, गारव्यात रेंगाळतं. अशाने पिल्लं बाहेर येण्याआधीच पूर येईल."

"मग अंडी हलव."

"आता हलवली तर आतला जीव जाईल. तुझी सावली हलव."

उंबर रागावला. "सावली दिली म्हणून आजवर कुणी मला बोल लावला नव्हता!"

"बोल नाही लावत, दादा. तुझी सावली चांगलीच आहे. माझ्या पिल्लांना मात्र ऊन हवंय."

उंबर दोन दिवस आपल्या सावलीतली गार वाळू पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने वानरांच्या टोळीला हाक मारली. "नदीकडच्या फांद्यांचा सगळा पाला खा. एक पान ठेवू नका."

वानरांनी फांद्या ओरबाडून काढल्या. वाळू तापली. ज्येष्ठ सरता सरता ती हलली आणि इवली इवली पिल्लं बाहेर पडून पाण्याकडे धावली. चारच दिवसांनी पुराचं गढूळ पाणी उंबराच्या बुंध्याशी आलं.

कासवीने वर पाहिलं. "दादा, तू अर्धा उघडा पडलास."

"पानं येतील गं पुन्हा," उंबर म्हणाला. "त्यांना घाई नाही. पिल्लांना होती."