खिडकीएवढं भोक

"…सगळी भिंत नको, महाराज. खिडकीएवढं भोक पाडलं तरी भागेल. तुम्ही सुगलाबाईंना सांगाल का?"

तुळजागिरी बुवा मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हंजे दुसऱ्याची भिंत पाडायची?"

"लगेच बुजवूनही देतो. गवंडी सांगून ठेवलाय."

"झकास." बुवांनी दोन दाणे तोंडात टाकले. "आन् कशापायी?"

हा प्रश्न निशिकांत हंचाटेला फार आवडायचा. कुणी विचारलाच नाही, तर तो स्वतःच आठवण करून द्यायचा.

भूकंपात शहर पडलं तेव्हा तो शाळेत होता. मोठेपणी त्यानं पडझडीचे जुने फोटो जमवायला घेतले. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या धुंडाळल्या, लोकांच्या ट्रंका उघडायला लावल्या. मग प्रत्येक फोटो ज्या जागेवरून काढलेला, नेमक्या त्याच जागी उभं राहून तो आजचा फोटो काढी. तेव्हाचं आणि आताचं, शेजारी शेजारी. अंदाजपंचे काम त्याला खपत नसे. बोटभर जागा चुकली तरी तो फोटो फेकून देई, आणि फेकून दिल्याचं चार लोकांना सांगे.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. सगळ्या जोड्या लागल्या होत्या, एक सोडून. तिथंच घोडं पेंड खात होतं.

तो फोटो त्याच्या वडिलांनी काढलेला होता. वैजनाथ हंचाटे, पेपरचे फोटोग्राफर. त्या सकाळी ते गवळी गल्लीच्या तोंडाशी उभे होते. समोर दगडमातीचा नुसता ढीग, आणि त्याच्या पार शेवटी गावाची वेस, एकटी उभी. निशिकांतनं फीत लावून, नकाशे जुळवून ती जागा शोधली. ती निघाली सुगलाबाईंच्या स्वयंपाकघरात. भूकंपानंतर बाईंनी तिथं घर बांधलं होतं, आणि वेशीकडं त्यांची भरभक्कम भिंत होती.

"गच्चीवर चढून काढ की," बुवा म्हणाले.

"मग जागा बदलली."

"बदलू दे."

"नाही, महाराज. शेंडी तुटो की पारंबी तुटो…" निशिकांत ओट्याच्या कडेला टेकला. "वडील गेले गेल्या साली. त्या फोटोबद्दल जन्मात एक शब्द बोलले नाहीत. मला एकदा ते उभे होते तिथं उभं राहायचंय. त्यांना जे दिसलं ते बघायचंय."

आता मात्र बुवांनी त्याच्याकडं पाहिलं. मग धोतरावरची टरफलं झटकली.

"चल."

सुगलाबाई वरणाला फोडणी देत होत्या. बुवांना बघून त्यांनी पदर सावरला.

"या म्हाराज. ह्ये दादा परवाधरनं भिताड मोजायलेत. काय हुडकायलेत काय म्हाईत."

"मोजू दे गं. तू वरण बघ."

निशिकांतनं ओटा आणि फ्रीज यांच्यामधल्या फरशीवर बोट ठेवलं.

"इथंच, महाराज."

"हितंच?"

"पक्कं."

"तोंड कुनीकडं?"

निशिकांत वळला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बुवांनी मागून त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि चांगलं पुढं लोटलं. काच भिंतीला टेकली तेव्हा कुठं हात काढला.

"दिसायली वेस?"

"भिंत आड येतेय ना. म्हणून तर…"

"तुझ्या बापाला कशी दिसली?"

"मधलं सगळं पडलं होतं."

"आन् आदल्या दिशी हितं हुबारला असता तर?"

निशिकांतनं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. उत्तर सुगलाबाईंनीच दिलं.

"आदल्या दिशी कुटली वेस? म्होरं गवळ्याचा गोठा होता, त्याच्या म्होरं माडीचं घर. हितनं आभाळसुदिक नीट दिसत नव्हतं."

फोडणीचा ठसका बसला. सगळेच जरा वेळ खोकले.

"तुझा बाप त्या दिशी फोटो काढाया आलता हितं?" बुवांनी विचारलं.

"हो. सगळ्यांच्या आधी पोचले होते." हे वाक्य तो प्रत्येक भाषणात म्हणायचा आणि टाळी घ्यायचा.

"नुसता फोटोच?"

निशिकांत कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळू लागला.

"निशिकांत."

"आत्या राहायची या गल्लीत," तो म्हणाला. "त्यांची धाकटी बहीण. इकडं दिली होती. भूकंपात गेली."

सुगलाबाईंनी गॅस बारीक केला.

हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. फोटो एका कप्प्यात आणि आत्या दुसऱ्या कप्प्यात, असं ते घरात कायम वेगवेगळं ठेवलेलं होतं. दोन्ही एकाच सकाळची आहेत, हे कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यालाही कधी सुचलं नव्हतं. तो खाली फरशीकडं बघत राहिला. त्याला रडू येत होतं आणि परक्या बाईच्या स्वयंपाकघरात त्याची लाजही वाटत होती.

"काढ फोटो," बुवा म्हणाले.

"कशाचा?"

"म्होरं हाय त्याचा."

"महाराज, यात काय…"

"काढ."

निशिकांतनं खटका दाबला. पडद्यावर पिवळा डिस्टेंपर उमटला. अगदीच जवळून, धूसर. कडेला तेलाचे दोनचार शिंतोडे. भोकाची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही, पण फोटोही त्याच्या मनास येईना. त्यानं कॅमेरा बुवांपुढं धरला.

"नुसती भिंत आलीय, महाराज."

बुवांनी कॅमेरा हातात घेतला. लांब धरून, डोळे बारीक करून पुष्कळ वेळ पाहत राहिले…

"तुझा बाप त्या दिशी अशीच येक हुबी भिंत हुडकत फिरत होता, लेका."