हुप्प्याची हाक

रानात अजून पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. वाघ दिसला की हुप्प्या वानर झाडावरून ओरडे. साळुंकी ती हाक हरणांच्या बोलीत सांगे, मगच कळप पळे.

एकदा वाघ गवतातून फार जवळ आला. हुप्प्या ओरडला. साळुंकी शब्द जुळवू लागली, तोवर वाघाने दबा धरला.

"हरणांनो, माझी बोली कळते का?" हुप्प्याने घाबरून विचारलं.

"कधीचीच कळते," हरिणी म्हणाली. "पण साळुंकीबाईंनी सांगितल्याशिवाय हलायची रीत नाही."

"अगं, पळा!"

कळप उधळला. परक्या रानातून आलेला सांबर मात्र गोंधळून उभाच राहिला. साळुंकी त्याच्या कानाशी गेली. "वाघ! नदीकडे पळ!"

वाघाची उडी रिकाम्या गवतात पडली.

पुढे साळुंकी आधी विचारू लागली, "कुणाला कळलं नाही?"