जुनी चिठ्ठी

एकदा एक त्रिंबकशास्त्री नावाचे वृद्ध पंडित होते, त्यांची चांगुणा नावाची शिष्या होती, आणि चांगुणेचे आईबाप हिरूबाई आणि देवजी. शास्त्री घाटाच्या पायथ्याशी राहत, देवजीचे खोपट वर डोंगरात.

शास्त्रींचे आयुष्य रानात गेले. वेल आणावा, जुन्या कागदांत दाबून वाळवावा, पुठ्ठ्यावर डकवावा आणि खाली चिठ्ठीवर लिहावे, नाव काय, कुळ कोणते, सापडला कुठे. माणसांची जशी कुळे, तशी त्यांनी झाडांची लावली. असे चार हजार पुठ्ठे त्यांच्या कपाटांत होते. शास्त्री म्हणतील तेच झाड, असा तालुक्यात लौकिक होता.

त्या लौकिकानेच देवजीच्या तोंडचा घास काढला. देवजी डोंगरातला एक कंद खणून बाजारात विकत असे. व्यापाऱ्याच्या कानावर आले, की शास्त्रींच्या पुठ्ठ्यावर त्या वेलाखाली ‘विषारी’ लिहिले आहे. तो जाऊन स्वतः वाचून आला आणि कंद घेणेच त्याने बंद केले. देवजीने दोन वर्षे कशीबशी काढली. दिवाळीनंतर खोपट मोडून वीटभट्टीवर जायचे ठरले.

चांगुणा शास्त्रींकडे अक्षरे शिकली होती, नवे पुठ्ठेही तीच लावी, पण जुन्यांना शास्त्री हात लावू देत नसत. जाण्याआधी एकदा तो पुठ्ठा बघू द्या, असे तिने विनवले. बराच वेळ ती त्यावर वाकून राहिली.

“गुरुजी, पुठ्ठ्यावरच्या ह्या काटकीवर दोन वेल हायेत. एक उजवीकडून चढलाय, एक डावीकडून. पानं आमच्या कंदाची, फळं त्या दुसऱ्याची. त्याला तर डुकरंबी तोंड लावत न्हाईत.”

शास्त्री आधी रागावले. तीस वर्षे मी काय गवत उपटले, असे म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते डोंगर चढले. दोन्ही वेल फुलावर होते. शास्त्रींनी दोन्हींची फुले उकलून पाहिली आणि देवजीकडून दोन्हींचे कंद खणवून घेतले. दुपारी हिरूबाईच्या चुलीपाशी बसून त्यांनी तिचा उकडलेला कंद मीठ लावून खाल्ला.

हिरूबाई समोर बसून बघत होती. “शास्त्रीबुवा,” ती म्हणाली, “आमी पिढ्यान्‌पिढ्या खातोय. तुमच्या पुठ्ठ्याला ठाव नव्हतं, म्हून आमी मेलो न्हाई.”

शास्त्री हसले आणि आणखी एक मागितला.

घरी येऊन त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, की इथे दोन वेल मिसळले आहेत, पाने खाण्याच्या कंदाची, फळे विषारी वेलाची. खाली तारीख घातली, सही केली आणि ‘चूक दाखवणारी : चांगुणा देवजी’ अशी ओळ लिहिली. व्यापाऱ्याला निरोप गेला होता, तो दुसऱ्या दिवशी येणार होता. गुरूला कोणी हसू नये म्हणून चांगुणेने ओल्या फडक्याने जुनी चिठ्ठी सोडवली, केरात टाकली आणि तिच्या जागी नवी डकवली.

शास्त्रींनी केर उपसून ती चिठ्ठी शोधली, झटकली, वाळवली आणि नवीच्या शेजारी पुन्हा डकवली. चांगुणेला वाटले, म्हातारपणाने डोके फिरले. उद्या सारा बाजार हसेल, एवढेच ती म्हणाली.

शास्त्री म्हणाले, “हसू दे. पोरी, जुनी चिठ्ठी काढायची नसते, नवी तिच्या शेजारी लावायची असते. माझी चूक झाकलीस, तर पुढच्याला वाटेल शास्त्री कधी चुकलाच नाही, आणि बाकीचे चार हजार पुठ्ठे तो डोळे मिटून मानेल. तसाच डोळे मिटून विश्वास ठेवला, म्हणून तर तुझ्या बापाची चूल थंडावली. माझ्या नावापेक्षा वेल खरा राहू दे.”

व्यापारी संशय घेऊनच आला. शिष्येसाठी म्हाताऱ्याने कागद बदलला असेल, असे तो वाटेतच बोलून दाखवत होता. पुठ्ठ्यावर त्याला दोन्ही चिठ्ठ्या दिसल्या, एकाच हातच्या, एकीने दुसरीला खोटे ठरवलेले. चांगुणेने त्याला दोन्ही वळसे बोटाने दाखवले. तो दोनदा वाचून खाली बसला.

“शास्त्रीबुवा,” तो म्हणाला, “कागद बदलणारा माणूस जुना कागद ठेवत नाही.” मग दाराशी उभ्या असलेल्या देवजीकडे वळून म्हणाला, की सोमवारच्या बाजाराला दोन टोपल्या आण, पण आधी पोरीला दाखवून.

दिवाळी सरली. वीटभट्टीचा ट्रक डोंगराखाली येऊन उभा राहिला, तेव्हा देवजी वर खणायला गेला होता. हिरूबाईने ड्रायव्हरच्या हातावर गरम कंद ठेवला आणि सांगितले, आमी न्हाई येत आता, तुमी मात्र खाऊन जा.