कापडी फलक

“आज पाचवा दिवस, बुवा. मुलीच येत नाहीत. गावालाच शिक्षण नको असेल तर मी कुणासाठी थांबू?”

नरहरीने मठाच्या ओसरीवर चढता चढताच विचारले. शहरात शिकून तो आपले गुरू सदोबुवा यांच्या गावी, याच ओसरीवर मुलींचा वर्ग चालवायला आला होता.

सदोबुवा अंबाडीची दोरी वळत होते. मान वर न करता म्हणाले, “एकही नाही?”

“एक आली. परत पाठवली.”

“का?”

“कडेवर भाऊ होता. वर्गात तान्ही मुलं चालत नाहीत. नियम आहे.”

“कुणाचा?”

“...माझा.”

“आणि बाकीच्या?”

“त्यांच्याही कडेवर कुणी ना कुणी असतंच. आया कांदा खुरपायला जातात.”

बुवांनी पायरीकडे पाहिले. परत पाठवलेली सुगंधा अजून तिथेच उभी होती. भाऊ तिची वेणी ओढत होता.

“घरी नाही गेलीस गं?”

“कशी जाऊ? आय म्हनली, आज बसू दिलं तर बस. न्हाई तर उद्यापासून माझ्यासंगं वावरात. पुन्हा शाळंचं नाव काढायचं न्हाई.”

बुवांची नजर खांबांकडे गेली.

ओसरीच्या दोन खांबांना नरहरीचा कापडी फलक बांधलेला होता. लाल अक्षरांत लिहिले होते : मुलगी शिकली की घर शिकते, घर शिकले की गाव.

बुवा उठले. फलकाची एक गाठ सोडली. मग दुसरी.

“बुवा! आठ दिवस रंगवत होतो मी ते!”

“दिसतंय. कापड चांगलं दणकट आहे.”

त्यांनी कापड दुहेरी केले. दोन्ही टोके वरच्या तुळईला बांधून झोळी केली आणि नुकती वळलेली दोरी तिला अडकवली. सुगंधाने भावाला आत ठेवले. तो रडला... हुंदके देत राहिला... मग अंगठा चोखू लागला.

सुगंधा पाटी पुसून खाली बसली.

नरहरी झोळीकडे पाहत होता. सगळी अक्षरे चुण्यांत गेली होती.

“पण बुवा, आता हे वाचणार कोण?”

बुवांनी दोरीचे टोक त्याच्या हातात दिले.

“तू झोका दे. वाचेल ती.”