चपट्या होड्यांची स्वारी

तोफांच्या जिवावर राज्यं चालत, त्या काळची गोष्ट. समुद्रापलीकडचं इंग्लंड जिंकायला फ्रान्सच्या किनाऱ्यावर चपट्या तळाच्या शेकडो होड्या जमल्या होत्या. त्यांत क्लोतिल्दचा तोरा काही औरच! रोज सकाळी शिपाई तिच्यातून वाळूवर उड्या टाकत, झेंडा रोवत, जयघोष करत आणि जेवायला जात.

"पोरी, उतरायची तालीम झाली, पण जायची कधी करणार?" मासेमारीची म्हातारी होडी मार्गो म्हणाली. "चपटा तळ वाऱ्याबरोबर वाहवत जातो."

"तू मासळी वाहा, आजी. आम्ही इतिहास घडवतो!" क्लोतिल्द फणकारली.

अखेर एका सकाळी दाट धुक्यात आरमार निघालं. वाऱ्याने होड्या परातींसारख्या गरगर फिरवल्या आणि दुपारी वाळूवर आणून आपटल्या. शिपायांनी सवयीने उड्या टाकल्या, समोर वाळत घातलेली जाळी तुडवली आणि त्यांतच झेंडा रोवला.

"इंग्लंड पडलं!" क्लोतिल्द ओरडली.

धुकं विरलं. शेजारीच मार्गो वाळूत टेकलेली होती.

"पडलं हो," ती म्हणाली, "जाळी मात्र आपलीच फाटली."

पण रोवलेला झेंडा उपटायची छाती कुणाची? संध्याकाळी विजयाची पंगत बसली. पानात मासळी तेवढी नव्हती.