करवतीची दुसरी मूठ

फार फार जुनी गोष्ट. एका नदीवर तेव्हा एकही नाव नव्हती. काठावरच्या एका सुताराच्या मनात आलं, आपणच नाव बांधावी, उतारू पलीकडे न्यावेत आणि घरादाराचं भलं करावं.

पण मोठं खोड चिरायची करवत दोन मुठींची असते. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा.

मेहुणा यायला तयार होता. फक्त खुसपटं फार काढायचा. म्हणाला, "दाजी, रानातलं लाकूड ओलं हाय. पाडून वाळू द्या, पुढल्या साली बांधू."

"तोवर दुसरा कुणी बांधेल! उठता-बसता अडवणारा भागीदार मला नको."

बायको म्हणाली, "मग एकट्यानं लहान होडी करा. पण पारखल्याबिगर कुणाला सोबत घेऊ नगा."

ऐकेल तो सुतार कसला! स्वारी तडक रानात गेली. झाड पाडलं, करवतीची एक मूठ धरली आणि चिडून ओरडला, "आहे का कुणी माझ्या मनासारखा?"

"हो."

पलीकडे कुणीच दिसेना. पण दुसरी मूठ हलली आणि करवत सरसर चालू लागली. सुताराच्या अंगावर काटा आला. काम मात्र असं झपाट्याने होत होतं, की तू कोण, हे विचारायचं त्याने टाळलं.

"हे लाकूड चालेल ना?"

"हो."

"फटी बुजल्या ना?"

"हो."

आवाज थेट सुताराचाच. त्या बाजूच्या झाडांवर पाखरं बसेनाशी झाली.

नाव तयार झाली तेव्हा नदी फुगलेली होती. मेहुणा काठावरून जीव तोडून ओरडला, "दाजी, थांबा!"

सुताराने समोरच्या रिकाम्या फळीला विचारलं, "निघायचं ना?"

"हो."

नदीच्या मधोमध ओल्या फळ्या पिळवटल्या. फटींतून पाणी आत आलं.

"मी वल्हवतो, तू पाणी उपस!"

"हो."

सुतार वल्हवत राहिला. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्याने वळून पाहिलं. उपसायचं भांडं नुसतंच तरंगत होतं.

"अरे, आहेस ना तू?"

"हो," आवाज आला. या वेळी तो पाण्याखालून आला.

मेहुण्याने उडी घेतली. त्याच्या हाती वल्हं तेवढं लागलं. ते घेऊन तो काठावर आला, आणि बहिणीला काय सांगावं ते त्याला कळेना.

बोध : भागीदार मिळाला नाही तर झेपेल तेवढं एकट्याने करावं, पण कधीच 'थांब' न म्हणणारा भागीदार घेऊ नये.